माझी डावी बाजू हरवली तेव्हा

डॉक्टर ज्या बाईबद्दल बोलत होते, तिची मला दया येत होती.

त्यांनी सीटी स्कॅनची काळी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली होती आणि माझ्या नवऱ्याला समजावून सांगत होते. "हा मेंदूचा उजवा भाग. इथं रक्त पोचलेलं नाही. याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. रक्तवाहिनीत गुठळी अडकली, पुढचा पुरवठा बंद पडला. म्हणून यांचा डावा हात आणि डावा पाय ढिला झालाय." मी चाकाच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. मनात म्हणत होते, कोण असेल ही बिचारी, घरी कोणी करणारं आहे की नाही तिला. आणि आपला नंबर कधी येतो कोण जाणे.

ती बाई मीच होते. हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

मी वनमाला. घाटंजीला राहते, घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान आहे. लग्न झाल्यापासून ब्लाउज शिवते. माझे मालक देवराव कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात फिटर आहेत. एकच मुलगी, पल्लवी, ती वणीला दिली. जावई कोळशाच्या खाणीत नोकरीला. आमचं सगळं ठीक चाललं होतं, आजही ठीक चाललं आहे. मधल्या काळात जे झालं ते लिहून ठेवते आहे, कारण हा आजार कसा असतो हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर आम्ही एवढे गोंधळलो नसतो.

दिवाळी जवळ आली होती. दुकानात कापडांचा ढीग. सकाळी चहा घेऊन मी कटिंगला बसले. डाव्या हातानं कापड धरायचं, उजव्यानं कात्री चालवायची, यात विचार करण्यासारखं काही नसतं. त्या दिवशी कापड सारखं सरकत होतं. मी कापडाला दोष दिला, सिंथेटिक आहे म्हटलं. मग चहा हनुवटीवरून पदरावर सांडला. मी पदर पुसला आणि पुन्हा कामाला लागले. कुठे दुखत नव्हतं. हीच या आजाराची मोठी लबाडी आहे. दुखलं असतं तर मी आरडाओरड केली असती.

थोडं थकल्यासारखं वाटलं म्हणून भिंतीला टेकून बसले, आणि बसल्या बसल्या डोळा लागला. दुपारी देवराव जेवायला आले. मी म्हणे त्यांच्याकडे पाहून हसले, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हास बरं अजून एक डाव," ते म्हणाले.

मी हसले. तोंडाची एक बाजू हसली, दुसरी लोंबत राहिली. त्यांनी मला दोन्ही हात वर करायला सांगितले. मी केले, असं मला वाटलं. वर गेला होता फक्त उजवा. ते शेजारी धावले, माझ्या मोठ्या जावेला, शोभाताईंना हाक मारली, आणि अर्ध्या तासात आम्ही गावच्या दवाखान्यात होतो. तिथल्या सिस्टरनं बीपी मोजलं, आकडा पाहिला, पुन्हा मोजलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. तिथून अ‍ॅम्ब्युलन्सनं यवतमाळ.

गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं. ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आमचा तो वेळ मी भिंतीला टेकून घालवला होता. म्हणून सांगते, तोंड वाकडं झालं, हात खाली पडायला लागला, जीभ जड झाली, तर झोपून पाहू, लिंबूपाणी घेऊन पाहू, असं करत बसू नका. दुखत नसलं तरी निघा. दुखत नाही म्हणून तर जास्त घाईनं निघा.

दवाखान्यातले पहिले दिवस मला दोन तऱ्हेनं आठवतात. एक माझी आठवण, आणि एक इतरांनी नंतर सांगितलेली. दोन्ही जुळत नाहीत.

माझ्या आठवणीत मला कोणी भेटायलाच आलं नव्हतं. पल्लवी वणीहून आली नाही याचं मला वाईट वाटत होतं. प्रत्यक्षात ती पहिल्याच संध्याकाळी आली होती आणि माझ्या पलंगाच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून बसून होती. तिनं हाक मारली की मी उजवीकडे पाहायची. तिनं माझा हात हातात घेतला तरी मी दुसरीकडेच पाहत राहायची. पोरगी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली. बापाला म्हणाली, "आई माह्याकडे पाहूनच नाही राह्यली. माहं काय चुकलं?"

जेवणाचंही तसंच. आपल्याकडे ताटात चटणी, ठेचा, कांदा डावीकडे असतो. शोभाताई घरून डबा पाठवायच्या, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यामुळे ठेच्याच्या जागी दह्यातली जवसाची चटणी असायची. मला ती कधीच मिळायची नाही. अर्धी भाकर द्यायचे, चटणी द्यायचेच नाहीत. मी देवरावांजवळ कुरकुर केली की शोभाताईंचा हात एवढा आखडता कधीपासून झाला. मग त्यांनी ताट धरून फिरवलं, आणि माझ्यासमोर अर्धी भाकर आणि चटणीची वाटी उगवली. मी खुशीत जेवले. ताट फिरवल्यानं चटणी कशी येते, असा प्रश्न मला पडला नाही.

आणि हाताची गोष्ट. ती सांगताना आज आम्ही हसतो, तेव्हा कोणी हसलं नव्हतं. मी सिस्टरला म्हटलं होतं, माझ्या पलंगावर कोणाचा तरी हात ठेवलाय, तो उचला, मला अडचण होते. देवराव उठले, माझा डावा हात उचलून माझ्या डोळ्यांपुढे उजव्या बाजूला आणला. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या.

"ह्या बांगड्या कोनाच्या?"

"माह्या," मी म्हटलं.

"मंग हात कोनाचा?"

मी नीट विचार केला आणि सांगितलं, "तुमच्या आईचा असन."

सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली होती. देवरावांनी हात हळूच खाली ठेवला, त्यावर चादर ओढली, आणि डॉक्टरांना शोधायला गेले.

डॉक्टर तरुण होते, घाई न करता बोलायचे. त्यांनी देवरावांना आणि पल्लवीला खुर्चीवर बसवून सांगितलं. या प्रकाराला नेग्लेक्ट म्हणतात. म्हणजे दुर्लक्ष, पण जाणूनबुजून केलेलं नाही. "यांचे डोळे चांगले आहेत. डोळे पाहतात, पण कुठं लक्ष द्यायचं ते मेंदू ठरवतो. डावीकडे लक्ष द्यायचं काम उजव्या मेंदूचं असतं, आणि तोच भाग दुखावलाय. त्यांच्यासाठी डावीकडे अंधार नाहीये. त्यांच्यासाठी डावी बाजू नाहीच."

पल्लवीनं विचारलं, की मग आईला ते कळत कसं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यालाही नाव आहे, अ‍ॅनोसोग्नोसिया. आपल्याला आजार झालाय हे समजून घेणारा भागच आजारी पडतो. "त्यांच्याशी भांडू नका. त्या खोटं बोलत नाहीत, हट्टही करत नाहीत. आणि मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसा. हाक मारा, हाताला स्पर्श करा, त्यांना वळायला लावा. सोयीचं म्हणून उजवीकडे बसाल तर डावीकडे वळायची त्यांना गरजच उरणार नाही."

त्या दिवसापासून देवराव डावीकडे बसायला लागले. मी त्यांना कुठं गेलते म्हणून रागवायची, आणि ते कानाजवळ येऊन म्हणायचे, "इकडंच हाय मी. पाह्य बरं इकडं." दिवसातून किती वेळा त्यांनी हे म्हटलं असेल. जिनिंगमध्ये लोखंडाशी बोलणारा माणूस, एवढ्या सबुरीनं बोलतो हे मला ठाऊक नव्हतं.

रक्त पातळ ठेवणारी गोळी, बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. पाय लवकर सुधारला. आठवड्याभरात मी धरून चालायला लागले, पण दाराच्या डाव्या चौकटीवर हमखास आदळायची. आदळले की म्हणायची, दार लहान केलंय यांनी.

व्यायाम घ्यायला फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. हात-पाय हलवून घेणं आणि रोजची कामं पुन्हा शिकवणं, दोन्ही त्याच करायच्या. मी शिलाईकाम करते हे कळल्यावर त्यांनी मला कागद आणि पेन दिलं आणि ब्लाउजचं चित्र काढायला सांगितलं. मी खुश झाले. पाठीचा गळा काढला, बाही काढली, दोरी आणि लटकन काढलं. चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी विचारलं, पूर्ण झालं का? मी म्हटलं, झालं की. त्या म्हणाल्या, हे तर अर्धंच आहे. मी हसून त्यांना समजावलं, की मॅडम, तुम्हाला शिलाईतलं माहीत नाही, आम्ही कापड दुमडून घेतो आणि अर्धंच आखतो. उलगडलं की पूर्ण होते.

माझं उत्तर बरोबर होतं, म्हणून तर ते वाईट होतं. मेंदूला एखादी गोष्ट दिसली नाही की तो गप्प बसत नाही. तो कारण तयार करतो, आणि आपल्याला ते पटतं.

मॅडमनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पल्लवीला सांगून त्यांनी माझ्याच हातचा एक ब्लाउज मागवला, टेबलावर पसरला आणि टाचण्यांची डबी दिली. प्रत्येक बाहीला तीन टाचण्या लावा म्हणाल्या. मी लावल्या. झालं म्हणून सांगितलं. त्यांनी ब्लाउज तसाच टेबलावर अर्धा गोल फिरवला.

समोर बाही होती आणि तिला एकही टाचणी नव्हती.

"टाचण्या कोणी काढल्या?" मी विचारलं.

त्यांनी ब्लाउज पुन्हा फिरवला. टाचण्या होत्या. पुन्हा फिरवला. नव्हत्या. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते, त्यांनी टाचण्यांना हात लावला नव्हता. देवराव माझ्या मागे उभे होते.

मी तो ब्लाउज बघत बसले. पंचवीस-तीस वर्षं मी ब्लाउज शिवते. ब्लाउजला दोन बाह्या असतात. हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मग मला जर एकच दिसत असेल, तर ब्लाउजमध्ये काही कमी नाही. माझ्यात आहे. डोळ्यांनी मला हे सांगितलं नाही, कोणाच्या बोलण्यानं पटलं नाही, माझ्या कामानं मला पटवलं. मग आठवलं, चटणी, दार, तो हात. फिल्म धरून डॉक्टर ज्या बाईबद्दल बोलत होते ती बाई.

मी देवरावांना विचारलं, "पल्लवी आलती का?"

"रोज येऊन राह्यली," ते म्हणाले. "आताही हाय. तुया डाव्या बाजूनं."

मी मान वळवली. सहज वळली नाही, जड दार ढकलावं तशी ढकलावी लागली. आणखी थोडी, आणखी थोडी, असं मॅडम सांगत होत्या. आणि तिथं माझी लेक उभी होती. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले होते. मला वाटतं, तिच्या जन्माच्या दिवशी तिला पाहिलं त्यानंतर एवढ्या आनंदानं तिला मी पाहिलं नव्हतं. ती मला बिलगली आणि दोघी रडलो. बाजूच्या पलंगावरची म्हातारी विचारत होती काय झालं, काय झालं. देवराव तिला म्हणाले, "चांगलं झालं, आजी."

खरं बरं होणं तिथून सुरू झालं. आजार आहे हे कळल्याशिवाय उपाय करणार कोण?

मॅडमची युक्ती साधी होती. प्रत्येक वस्तूच्या डाव्या कडेला लाल रंगाची पट्टी लावायची, आणि ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची. लाल दिसलं म्हणजे बाजू पूर्ण झाली. घरी आल्यावर देवरावांनी माझ्या चिंध्यांच्या पोत्यातून लाल काठ शोधून काढले. टेबलाच्या कडेला लाल काठ, शिलाई मशीनच्या फळीला लाल काठ, दाराच्या चौकटीला, आरशाला. ताटाखाली घालायच्या फडक्याला शोभाताईंनी स्वतः टीप मारून दिली, वाकडीतिकडी. घर पाहून येणारे-जाणारे विचारायचे, कोणाचं लग्न आहे का.

हाताच्या बोटांसाठी मॅडम म्हणाल्या होत्या की महाग खेळण्यांची गरज नाही, घरात जे बारीक काम असेल ते डाव्या हातानं करा. कणीक मळायची, तुरीच्या शेंगा सोलायच्या. कापसाचा हंगाम होता. देवराव ओंजळभर कापूस आणून द्यायचे आणि मी डाव्या हाताच्या चिमटीनं सरकी वेगळी करायची. पहिल्या दिवशी एक बी निघेना. चिमूट बसायची नाही, बोटं एकमेकांना चुकवून जायची. पंधरवड्यानं एक बी निघाली. ज्या जिनिंगमध्ये तासाला ढीगभर सरकी निघते तिथला फिटर ती एक बी हातावर घेऊन शेजारच्यांना दाखवत फिरला.

सगळं चढतंच गेलं असं मात्र नाही. महिनाभरानं मला वाटलं आता जमतंय, आणि बाजाराच्या दिवशी कोणाला न सांगता मी पिशवी घेऊन निघाले. रस्ता ओलांडताना उजवीकडे पाहिलं, रिकामा होता. डावीकडून मोटारसायकल येत होती. ती मला दिसली नाही, आवाज आला पण तो कुठून आला ते कळलं नाही. एका भाजीवाल्या बाईनं दंडाला धरून मला मागे ओढलं. गाडीवाला शिव्या देत गेला. रस्त्यावर लाल काठ कुठे लावणार होते मी?

त्यानंतर कितीतरी दिवस मी उंबऱ्याबाहेर पडले नाही. मशीनवर कापड टाकून ठेवलं. जेवण नको वाटायचं, कारण नसताना रडू यायचं. मला वाटलं आपण खचलो. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटत होती, देवरावांनीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, स्ट्रोकनंतर मन उदास होणं हा आजाराचाच भाग आहे, त्याला डिप्रेशन म्हणतात, आणि त्यालाही औषध आहे. "मनाला झालंय असं समजू नका. मेंदूलाच झालंय. बीपीसाठी गोळी घेता, तशी हीपण घ्यायची." मी काही महिने ती गोळी घेतली. घेतली हे सांगायला मला संकोच वाटत नाही. कोणाच्या घरचं माणूस स्ट्रोकनंतर गप्प गप्प राहत असेल, तर त्याला धीर धर म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

रस्ता ओलांडणं मी पुन्हा शिकले. आधी डावीकडे, खांदा दिसेपर्यंत. मग उजवीकडे, मग परत डावीकडे. शोभाताई माझ्यासोबत रोज यायच्या आणि दर वेळी मोठ्यानं सांगायच्या, "पाह्य, पाह्य, अजून पाह्य." सारा चौक ऐकायचा. चहाच्या टपरीवरचे लोकही मग म्हणायला लागले, वहिनी, डावीकडे पाहा. एखाद्याला हे अपमानाचं वाटलं असतं. मला बरं वाटायचं. अख्खा चौक माझ्यावर लक्ष ठेवून होता.

उन्हाळ्यात मी पहिला ब्लाउज पूर्ण केला, पल्लवीसाठी. दर टाक्याला मान वळवून काठ पाहायचा, त्यामुळे आधी दुपारभरात होणारं काम चार दिवस चाललं. डावी बाही थोडी आखूड झाली. मी उसवायला घेतला तर तिनं हातातून काढून घेतला आणि तसाच घातला. तिच्या सासरच्या एका लग्नात घालून गेली. कोणी विचारलं तर म्हणायची, नवी फॅशन आहे.

वर्षानं डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मी विचारलं, मेंदूचा मेलेला भाग जिवंत झाला का. त्यांनी स्पष्ट सांगितलं, तो परत येत नाही. पण आजूबाजूचे भाग त्याचं काम शिकून घेतात. याला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात, म्हणजे मेंदूची स्वतःला नव्यानं घडवायची ताकद. आणि ती सरावानं वाढते, बसून नाही.

परतताना बसमध्ये मी यावर विचार करत होते. खिडकीबाहेर हरभऱ्यात बाया तण निंदायला लागल्या होत्या. प्रत्येकीची आपली एक पात असते, तेवढ्या ओळी तिनं निंदायच्या. एखादी आजारी पडली तर बाजूच्या दोघी तिची पात मध्ये घेतात. काम थोडं हळू होतं, पण शेत पडीक राहत नाही. माझ्या डोक्यात असंच काही झालं असावं. कोणत्या बाजूच्या पेशींनी कोणाची पात धरली हे मला कधी कळणार नाही, पण त्या राबल्या म्हणून मी कात्री चालवते.

मेंदू सांभाळायचा म्हणजे काय करायचं, असं मला आता दुकानात येणाऱ्या बाया विचारतात. मी जे डॉक्टरांकडून शिकले तेच सांगते. मेंदूला रक्त लागतं, सतत लागतं, साठवून ठेवता येत नाही. म्हणून बीपी आणि साखर ताब्यात ठेवायची. लोणचं, पापड, वरून मीठ कमी. रोज चालायचं. झोप मारून काम करायचं नाही, मी दिवाळीच्या तोंडावर तेच करायची. तंबाखू रक्तवाहिन्या खराब करते, म्हणून देवरावांनाही खर्रा सोडायला लावला. सोडलाय म्हणतात. खिशात बडीशेप सापडते, त्यावर मी विश्वास ठेवते. आणि माणसांत राहायचं, बोलायचं, नवं काहीतरी शिकत राहायचं. मी मोबाईलवर नवे गळे पाहून शिवायला शिकते आहे. चुकतात, पण मेंदूला चुकलेलंही काम चालतं.

बीपी वाढलेलं कळत नाही, हे मात्र कोणाला पटत नाही. माझं अधूनमधून डोकं दुखायचं, मी मशीनवर वाकून बसण्याला दोष द्यायची. मोजलं कधीच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात आरोग्य केंद्राच्या आशा सेविका, आमच्या आशाताई, बीपीचं मशीन घेऊन गल्लीत आल्या, तेव्हा मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. शोभाताई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मले काय झालं, मी तर एका दमात दोन हंडे आणतो. मी त्यांचा हात धरून पट्टा बांधायला लावला. आकडा वाढलेला निघाला. त्या म्हणाल्या मशीन बिघडलं. आशाताई पुढच्या आठवड्यात परत आल्या, तेव्हाही वाढलेलाच. तिसऱ्यांदा दवाखान्यात मोजलं, तिथल्या मोठ्या मशीननंही तेच सांगितलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर आलो आणि शोभाताईंनी ती कमरेला खोसली. औषधं घ्यायला खिडकीकडे वळल्याच नाहीत.

"मले काही होऊन नाही राह्यलं, वनमाला. कायले गोळी खाऊ?"

मी त्यांना बाकावर बसवलं. मी म्हटलं, "मलेही काही होऊन नवतं राह्यलं, ताई. हात माहा नाही म्हनत होती मी, तुमी आयकलं ना?"

दवाखान्यात त्यांनी डबे पाठवले होते, घरी आल्यावर मला भरवलं होतं, चौकात उभं राहून ओरडल्या होत्या. पण त्या क्षणापर्यंत माझं दुखणं हे माझं होतं. आता ते त्यांच्या जवळ येऊन बसलं.

"मंग जन्मभर खा लागन?"

"खा लागन," मी म्हटलं. "मी खातो ना. दोघी खाऊ."

त्यांनी कमरेची चिठ्ठी काढली, सरळ केली आणि खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे मी उभी राहिले. रांगेत त्यांनी पुढच्या बाईलाही विचारून घेतलं, तुमचं बीपी मोजलं का म्हणून.

आता आम्ही दोघी सकाळी नदीच्या पुलापर्यंत चालत जातो. शोभाताई पूर्ण वाटभर बोलतात. परवा त्यांनी विचारलं, की तुले आता दोन्हीकडचं सारखं दिसते काय. मी खरं ते सांगितलं. सारखं नाही दिसत. उजवीकडचं आपोआप दिसतं, डावीकडचं ठरवून पाहावं लागतं. दमले की निसटतं.

"मंग कटाळा नाही येत?"

"पहिले आपोआप दिसे," मी म्हटलं, "म्हनून कदी पाह्यलं नवतं."

पुलावर आम्ही थांबलो होतो. मी मान वळवली, खांदा दिसेपर्यंत. नदीला पाणी कमी होतं. काठावर एक बाई म्हशी धूत होती, पलीकडे तुरीला पिवळी फुलं आली होती, आणि पार कडेला, जिथं नजर संपते तिथं, जिनिंगच्या शेडचा पत्रा उन्हात चमकत होता. देवराव तिथं कामाला लागले असतील. मी सगळं पाहून घेतलं. मग आम्ही परत फिरलो, कारण दोघींची गोळीची वेळ झाली होती.